कोळसा नसलेल्या परगण्यातील वाफेची इंजिने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात 1870 साली मुंबई आणि लंडन यांना जोडणाऱ्या समुद्री तारेविषयी एक टिपण आम्ही छापले होते. ती तार इंग्लंडच्या ज्या किनाऱ्याला लागली तो पोर्थकर्नोचा किनारा कॉर्नवॉल परगण्यात आहे, आणि हा परगणा एकेकाळी जगभरच्या खाणींना यंत्रे आणि माणसे पुरवीत असे, असे एक वाक्य त्यात ओघाने येऊन गेले. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे मूळ विषयावरच्या पत्रांपेक्षा अधिक निघाली. म्हणून या वेळचे सदर कॉर्नवॉललाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलचक पत्रांचा केवळ गाभा घेतला आहे, त्याबद्दल पत्रलेखकांनी क्षमा करावी.

प्रश्न : आमची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्याबरोबर कॉर्नवॉलला गेलो असता समुद्रकड्यांवर, शेतांत, अगदी वस्तीच्या मागेही छप्पर नसलेल्या उंच दगडी इमारती आणि त्यांच्या कोपऱ्याला चिकटलेले धुराडे असे अवशेष वारंवार दिसले. प्रथम ती पडकी चर्चे वाटली. त्या नेमक्या कसल्या इमारती आहेत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चर्चे वाटणे स्वाभाविक आहे, कारण उंची, कमानीच्या खिडक्या आणि ग्रॅनाइटचे बांधकाम यांमुळे दुरून तसाच भास होतो. ती खाणींची इंजिनघरे आहेत. कॉर्नवॉलच्या भूगर्भात कथील आणि तांबे यांच्या शिरा जवळजवळ उभ्या उतरत जातात. खनिज हवे असेल तर शिरेच्या मागोमाग खोल जावे लागते, आणि खोल गेले की खाणीत पाणी भरते. त्यातून हा परगणा म्हणजे तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले आणि पावसाने भिजलेले द्वीपकल्प. पाणी उपसण्याचे साधन जेवढे ताकदवान तेवढीच खाण खोल जाणार, हे येथले मूळ गणित होते.

आरंभी डोंगराच्या पोटातून निचऱ्याचे बोगदे खणून पाणी दरीत सोडीत. रेडरूथजवळच्या ग्वेनॅप भागात 1748 च्या सुमारास सुरू झालेला असा एक बोगदा फाटे फुटत फुटत पुढे 60 किलोमीटरांहून अधिक लांबीचा झाला आणि डझनावारी खाणींचे पाणी एकाच दरीत नेऊ लागला. परंतु अशा बोगद्याच्या पातळीच्या खाली गेलेले पाणी वर उचलूनच काढावे लागते. तेथे पाणचक्क्या आणि घोड्यांचे रहाट अपुरे पडले, आणि वाफेचे इंजिन आले.

आता इमारतीविषयी. इंजिनाचा उभा सिलिंडर आत असे आणि त्याच्या डोक्यावर कित्येक टन वजनाची लोखंडी तुळई तराजूच्या दांडीसारखी बसवलेली असे. तिचा मधला टेकू समोरच्या भिंतीवर असे, निम्मी तुळई घराच्या आत आणि निम्मी बाहेर, खाणीच्या उभ्या विहिरीच्या म्हणजे शाफ्टच्या तोंडावर. सगळा भार आणि सगळे हेलकावे ती एक भिंत सोसत असल्याने ती इतर तिन्ही भिंतींपेक्षा बरीच जाड बांधीत. थोडक्यात, ही इमारत यंत्राला ऊनपावसापासून वाचवणारे घर नव्हते, ती यंत्राचीच चौकट होती. खाण बंद पडल्यावर इंजिन विकले किंवा भंगारात गेले, पण चौकट कोणाला नेता आली नाही. आपण पाहिलेले अवशेष म्हणजे त्या राहून गेलेल्या चौकटी होत. एकूण सुमारे 3,000 इंजिनघरे बांधली गेली असे मानतात, आणि त्यांपैकी दोनशेच्या आसपास आज कमीअधिक अवस्थेत उभी आहेत. बोटॅलॅकच्या कड्यावर लाटांच्या अगदी वर बांधलेली दोन इंजिनघरे आपण पाहिली असतील. तेथील खाण समुद्राच्या तळाखाली शिरली होती.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाफेचे इंजिन न्यूकोमेनने केले आणि जेम्स वॉटने सुधारले, एवढेच आम्हाला शिकवले जाते. यात कॉर्नवॉलने काय भर घातली? (एक विद्यार्थी, पुणे) याच आशयाचा प्रश्न नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांनीही विचारला आहे.

उत्तर : या सदरातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

कॉर्नवॉलमध्ये कथील आहे, तांबे आहे, चिनी मातीही आहे, मात्र कोळसा नाही. इंजिनासाठी लागणारा कोळसा दक्षिण वेल्समधून गलबतांनी यायचा. इंग्लंडच्या कोळसा खाणींत न्यूकोमेनचे इंजिन खाणीच्या तोंडाशी पडलेला, विकला न जाणारा बारीक कोळसा जाळीत असे, त्यामुळे ते किती खाते याची कोणाला फारशी पर्वा नव्हती. कॉर्नवॉलच्या खाणमालकाला मात्र समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशाची किंमत भरावी लागे आणि वर त्यावरचा करही. खाणींच्या इंजिनांपुरता हा कर 1741 साली माफ झाला, त्यानंतरच तेथे इंजिनांची संख्या वाढू लागली. जाता जाता एक गोष्ट सांगतो : तांब्याचे धातुक गाळायला धातुकापेक्षा कितीतरी अधिक कोळसा लागत असल्याने कोळसा कॉर्नवॉलला आणून तांबे गाळण्यापेक्षा धातुकच वेल्समधील स्वान्सीला पाठवणे स्वस्त पडे. येताना कोळसा आणि जाताना धातुक, अशी ती गलबते दोन्ही वेळा भरलेली असत.

वॉटच्या स्वतंत्र संघनकाने, म्हणजे वापरलेली वाफ सिलिंडरबाहेर थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भांड्याने, कोळशाची मोठी बचत केली आणि 1777 पासून त्याची इंजिने कॉर्नवॉलमध्ये बसू लागली. इंजिनाची किंमत घेण्याऐवजी जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग दरसाल घ्यायचा, अशी वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची पद्धत होती. ही पद्धत व्यवहार म्हणून चोख होती, पण कॉर्नवॉलच्या खाणमालकांना ती जाचू लागली. जोनाथन हॉर्नब्लोअर, एडवर्ड बुल यांसारख्या स्थानिक यंत्रज्ञांनी निराळी इंजिने उभारली तेव्हा पेटंटच्या जोरावर त्यांना अडवण्यात आले. 1800 साली वॉटचे पेटंट संपले, वॉट-बोल्टन यांची माणसे बर्मिंगहॅमला परतली, आणि गंमत अशी की देखरेख सुटल्याने इंजिनांची कामगिरी आधी घसरली.

यावर कॉर्नवॉलने जो उपाय काढला तो माझ्या मते त्यांच्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा आहे. 1811 साली जोएल लीन नावाच्या खाणप्रमुखाने निरनिराळ्या खाणींवरील इंजिनांची मोजणी करून दरमहा छापील पत्रक काढण्यास आरंभ केला. एक बुशेल म्हणजे 94 पौंड कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उंच उचलले, हा एकच आकडा प्रत्येक इंजिनापुढे छापलेला असे. या आकड्याला ते ‘ड्यूटी’ म्हणत. कोणाचे इंजिन पुढे आणि कोणाचे मागे हे दर महिन्याला सगळ्या परगण्याला कळू लागले. पेटंटच्या भिंती नाहीत, मोजमाप उघडे आहे आणि शेजारच्या खाणीत काय सुधारणा केली ते जाऊन पाहता येते, अशा वातावरणात यंत्रज्ञांमध्ये जी चढाओढ लागली तिचे फळ आकड्यांतच पाहावे. न्यूकोमेनच्या इंजिनात जॉन स्मीटनने केलेल्या सुधारणांनंतर ड्यूटी एक कोटीच्या आसपास होती. वॉटच्या चांगल्या इंजिनांनी दोन कोटींचा टप्पा ओलांडला. लीनच्या पहिल्या पत्रकांतील सरासरी दोन कोटींच्याही खाली होती. 1828 साली व्हील टोवन खाणीतील सॅम्युअल ग्रोसच्या इंजिनाने 8 कोटी 70 लाखांपर्यंत मजल मारली, आणि 1835 मध्ये फोवी कन्सोल्स खाणीतील विल्यम वेस्टच्या इंजिनाने चोवीस तासांच्या चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. ही पत्रके 1904 पर्यंत निघत राहिली.

हे साधले कसे? पहिली गोष्ट म्हणजे दाब. वॉट वाफेच्या दाबाला भीत असे आणि वातावरणाच्या दाबापेक्षा फार वर जात नसे. कॅम्बोर्नजवळ जन्मलेला रिचर्ड ट्रेव्हिथिक जोरकस वाफेचा कैवारी होता, आणि अशी वाफ पेलण्यासाठी त्याने आडवा नळकांडी बॉयलर केला, ज्याच्या पोटातून जाणाऱ्या एका मोठ्या नळीतच भट्टी असे. आपल्या अभ्यासक्रमात ‘कॉर्निश बॉयलर’ म्हणून जो येतो तो हाच, आणि दोन नळ्यांचा लँकेशायर बॉयलर हे त्याचे पुढचे भावंड. दुसरी गोष्ट म्हणजे प्रसरण. दट्ट्याच्या प्रवासाच्या आरंभीच्या थोड्याच भागात बॉयलरमधून वाफ आत घ्यायची, झडप बंद करायची, आणि उरलेला प्रवास कोंडलेल्या वाफेच्या फुगण्यावर पार पाडायचा. ही कल्पना वॉटलाही सुचली होती, पण कमी दाबाच्या वाफेत फुगण्याची ताकद ती किती असणार! ट्रेव्हिथिकने 1812 मध्ये व्हील प्रॉस्पर खाणीत उभारलेल्या इंजिनात दाब आणि प्रसरण दोन्ही एकत्र आले, आणि त्यालाच पहिले ‘कॉर्निश इंजिन’ मानतात.

त्याची चाल समजून घेण्यासारखी आहे. दट्ट्याच्या वर वाफ येते आणि खाली संघनकाने केलेली निर्वात पोकळी असते, त्यामुळे दट्ट्या खाली खेचला जातो आणि तुळईचे बाहेरचे टोक वर जाते. त्या टोकाला शाफ्टमध्ये शेकडो फूट खोल गेलेला जाड लाकडी वाशांचा दांडा टांगलेला असतो, तो उचलला जातो. येथे वाफेचे काम संपले. मग एक झडप उघडून दट्ट्याच्या वरची वाफ खालच्या बाजूला येऊ देतात, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, आणि तो अजस्र दांडा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसताना पंपातील पाणी वर ढकलतो. म्हणजे पाणी उचलते ते दांड्याचे वजन, वाफ फक्त दांडा पुन्हा जागेवर नेते. पाण्याचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो, आणि प्रसरणामुळे वाफेचा जोर शेवटी कमी झाला तरी जड दांड्याला मिळालेली गती तो खड्डा भरून काढते. मिनिटाला जेमतेम पाच-दहा फेऱ्या करणारे हे यंत्र डौलदार दिसते ते या कारणाने.

उरलेली काटकसर बारीकसारीक होती. सिलिंडरभोवती वाफेचा अंगरखा, सिलिंडर आणि नळ्यांभोवती लाकडाच्या भुशाचे जाड वेष्टन, सहज उघडणाऱ्या झडपा, बॉयलरचे पुरेसे मोठे आकार. यात चमकदार असे काहीच नाही. पण ग्रोसच्या इंजिनाची झेप मुख्यतः अशा वेष्टनामुळेच शक्य झाली.

प्रश्न : आगगाडीचे इंजिन जॉर्ज स्टीफन्सनने शोधले असे आम्ही शाळेत शिकलो आणि मी तीस वर्षे तेच शिकवले. ट्रेव्हिथिकचे नाव आपण कोठून काढले? (एक निवृत्त शिक्षिका, अमरावती)

उत्तर : बाई, आपण शिकवले ते पूर्ण चूक नाही, कारण रेल्वे हा व्यवहार म्हणून यशस्वी करण्याचे श्रेय स्टीफन्सन पितापुत्रांचेच आहे. परंतु रुळांवरून ओझे ओढणारे वाफेचे इंजिन ट्रेव्हिथिकने आधी चालवले. 1801 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने कॅम्बोर्नच्या चढावर माणसे बसवून वाफेची गाडी नेली. चारच दिवसांनी ती गाडी रस्त्यात मोडली म्हणून एका आडोशाला उभी करून मंडळी खाणावळीत भाजलेल्या हंसावर ताव मारायला गेली, भट्टी विझवायची राहिली, आणि गाडी जळून गेली. पुढे 21 फेब्रुवारी 1804 रोजी वेल्समधील पेनिडॅरन येथे त्याच्या इंजिनाने 10 टन लोखंड आणि सुमारे 70 माणसे घेऊन नऊ मैलांहून अधिक अंतर तोडले. इंजिन चालले, पण त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ तुटू लागले. रूळ सुधारेपर्यंत थांबण्याचा धीर ट्रेव्हिथिकला नव्हता. 1816 साली तो चांदीच्या खाणींसाठी पेरूला गेला, अकरा वर्षांनी रिकाम्या हाताने परतला, आणि 1833 मध्ये केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे वारला तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च कारखान्यातील सोबत्यांनी वर्गणी काढून केला. कॅम्बोर्नमध्ये त्याचा पुतळा उभा राहायला 1932 साल उजाडले.

प्रश्न : खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्याचा जनक हंफ्री डेव्ही हा कॉर्नवॉलचा. मग त्याचा दिवा तेथील खाणींत सर्वप्रथम वापरला गेला असणार ना? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : नाही. डेव्हीचा जन्म पेन्झान्सचा हे खरे, पण 1815 चा त्याचा दिवा कोळसा खाणींतील ज्वालाग्राही वायूसाठी होता. कथील-तांब्याच्या खाणींत त्या वायूचे भय नसल्याने कॉर्नवॉलचे कामगार टोपीला ओल्या मातीच्या गोळ्याने मेणबत्ती चिकटवूनच काम करीत राहिले.

तेथील मृत्यू सुरुंगात होता. खडकात भोक पाडून दारू ठासायची आणि गवताच्या काडीत किंवा पिसाच्या नळीत दारू भरून तिची वात करायची, अशी पद्धत असल्याने वात केव्हा फटकन पेटेल आणि केव्हा रेंगाळेल याचा नेम नसे. सुरुंग उडाला नाही म्हणून पाहायला गेलेला माणूस नेमका तेव्हाच सापडे. विल्यम बिकफर्ड या कातड्याच्या व्यापाऱ्याने दोरखंड वळण्याच्या कृतीवरून स्फूर्ती घेऊन, सूत वळता वळताच त्याच्या गाभ्यात दारूची बारीक धार सोडून वर रोगण चढवलेली वात तयार केली आणि 1831 मध्ये तिचे पेटंट घेतले. ही वात ठरावीक वेगाने जळे, त्यामुळे किती लांबी कापली म्हणजे पळायला किती वेळ मिळेल हे आधी सांगता येई. टकिंगमिल येथील तिचा कारखाना लवकरच जगभर वात पाठवू लागला. डेव्हीइतकी कीर्ती बिकफर्डच्या वाट्याला आली नाही, हे मात्र मला नेहमी अन्यायाचे वाटते.

प्रश्न : यंत्रांचे कौतुक पुष्कळ झाले. त्या खाणींत राबणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द लिहावेत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. कॉर्नवॉलच्या खाणीत मजुरीचे दोन मुख्य प्रकार होते. शाफ्ट आणि बोगदे खणणाऱ्यांना खणलेल्या लांबीवर पैसे मिळत. खनिज काढणाऱ्या टोळ्या मात्र शिरेचा एखादा तुकडा लिलावात बोलून घेत आणि निघालेल्या खनिजाच्या किमतीत ठरलेला हिस्सा मिळवीत. शीर चांगली लागली तर चार पैसे गाठीला, नाहीतर मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारू यांचा खर्चही अंगावर. या पद्धतीने कामगाराला खडकाची जाण आली हे खरे, परंतु सगळी जोखीम त्याच्याच खांद्यावर गेली. स्त्रिया खाणीत उतरत नसत. वर आलेले दगड हातोड्याने फोडून त्यांतून खनिज निवडण्याचे काम हजारो बायका आणि मुली उघड्यावर करीत, आणि त्यांना तेथील बोलीत ‘बाल मेडन’ म्हणत. ‘बाल’ म्हणजे त्या भाषेत खाण. खाणींच्या नावांत सतत येणारा ‘व्हील’ हा शब्दही कॉर्निश भाषेतला आणि खाण याच अर्थाचा आहे, चाकाशी त्याचा संबंध नाही.

खोली वाढली तसे शिड्यांनी चढ-उतार करण्यातच कामगाराचे बळ संपू लागले. दिवसभर राबल्यावर पुन्हा तासभर शिड्या चढायच्या. त्यावर 1842 साली ट्रेसॅव्हियन खाणीत मायकेल लोम याने माणसे नेणारे यंत्र बसवले. अशा यंत्राच्या साध्या प्रकारात शाफ्टमध्ये एक लांब दांडा सुमारे बारा फूट वर आणि बारा फूट खाली होत राही. त्यावर ठरावीक अंतराने पायठाणे असत आणि शाफ्टच्या भिंतीला तशाच फळ्या. दांडा वर आला की फळीवर पाऊल टाकायचे, तो खाली गेला की समोर आलेल्या पुढच्या पायठाणावर चढायचे, असे करीत माणूस वर येई. लेव्हंट खाणीत 20 ऑक्टोबर 1919 रोजी दुपारी पाळी सुटण्याच्या वेळी, दांडा माणसांनी भरलेला असताना, त्याला वर इंजिनाशी जोडणारा लोखंडी भाग तुटला. त्यात 31 जण ठार झाले. ते यंत्र पुन्हा चालवले गेले नाही.

प्रश्न : आमचे आजोबा कोलारच्या सोन्याच्या खाणीत कारकून होते. तेथील गोरे अधिकारी स्वतःला इंग्लिश न म्हणवता ‘कॉर्निश’ म्हणवीत, असे ते सांगत. याचा आपल्या विषयाशी संबंध आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याच्या जागतिक उत्पादनात कॉर्नवॉलचा वाटा फार मोठा होता, पण 1866 च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले, परदेशी खाणींचे स्वस्त धातुक बाजारात आले आणि पुढे मलाया-ऑस्ट्रेलियाच्या कथिलाने उरलेसुरले कंबरडे मोडले. खाणकामगार आणि त्यांची कुटुंबे फार मोठ्या संख्येने परगणा सोडून गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा, मेक्सिकोतील रेआल देल मोन्ते, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, जेथे कठीण खडकातली खाण तेथे हे लोक. कोठेही काम निघाले की ‘माझा एक चुलतभाऊ आहे, जॅक’ असे सांगून हे आपला माणूस पुढे करतात, म्हणून त्यांना ‘कझिन जॅक’ हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. मेक्सिकोतील त्या गावात कॉर्नवॉलची पेस्टी, म्हणजे आत सारण भरून भाजलेली करंजीसारखी वस्तू, आजही ‘पास्ते’ या नावाने विकली जाते.

कोलारच्या खाणी 1880 च्या दशकापासून जॉन टेलर अँड सन्स या व्यवस्थापक संस्थेकडे होत्या. संस्थेचा मूळ पुरुष जॉन टेलर याने ग्वेनॅपच्या तांब्याच्या खाणी चालवल्या होत्या आणि रेआल देल मोन्तेच्या कंपनीमागेही तोच होता. तेव्हा कोलारला देखरेखीसाठी कॉर्नवॉलची माणसे येणे ओघानेच आले. आजोबांनी ऐकलेले बरोबर आहे. कॉर्नवॉलच्या माणसाला आपली वेगळी ओळख सांगायला आजही आवडते. अर्थात कोलारला तीन किलोमीटरांहून खोल उतरून खडक फोडणारे हात मुख्यतः तमिळ आणि तेलुगू कामगारांचे होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. 1956 मध्ये त्या खाणी सरकारकडे आल्या आणि 2001 साली बंद झाल्या.

प्रश्न : मुंबईची तार लंडनजवळ न लागता एवढ्या दूरच्या कोपऱ्यात का लागली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : समुद्रातली तार महाग आणि जमिनीवरची स्वस्त, म्हणून इंग्लंडचे जे टोक अटलांटिककडे सर्वांत पुढे आले आहे तेथे ती किनाऱ्याला आणणे फायद्याचे होते. आधी फालमथ बंदराचा विचार होता आणि कंपनीच्या नावातही ते होते, पण गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर तारेला तोडण्याची भीती असते. पोर्थकर्नोची वाळूची छोटी खाडी त्या दृष्टीने निर्धास्त होती. जून 1870 मध्ये तार तेथे लागली आणि पोर्तुगाल, जिब्राल्टर, माल्टा, इजिप्त, एडन असे टप्पे घेत संदेश मुंबईला पोहोचू लागले. मुंबई ते एडन ही तार ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने टाकली होती. त्या जहाजाचा रचनाकार इझंबार्ड ब्रुनेल यानेच कॉर्नवॉलला उरलेल्या इंग्लंडशी जोडणारा, टेमर नदीवरचा सॉल्टॅशचा रेल्वे पूल बांधला. 1859 साली खुला झालेल्या या पुलाचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी 455 फुटांचे आहेत, आणि गाड्या त्यावरून आजही धावतात.

पोर्थकर्नोचे तारघर पुढे जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. मार्कोनीने जवळच्याच पोल्डू येथून 12 डिसेंबर 1901 रोजी बिनतारी संकेत अटलांटिकपार पाठवला, तेव्हा तार कंपनीला एवढी धडकी भरली की तिने त्याचे संकेत चोरून ऐकण्यासाठी पोर्थकर्नोच्या टेकडीवर उंच खांब रोवला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भयाने हे केंद्र डोंगरात हलवायचे ठरले, आणि ते बोगदे खणायला माणसे शोधावी लागली नाहीत, कथिलाच्या खाणीतले कामगार शेजारीच होते. केंद्र 1970 मध्ये बंद झाले. आता तेथे संग्रहालय आहे आणि ते बोगदे पाहता येतात.

प्रश्न : वाफेवर चालणारे एखादे कॉर्निश इंजिन आज प्रत्यक्ष पाहायला मिळेल का? (पुण्याचेच तेच विद्यार्थी)

उत्तर : मिळेल. कड्यावरच्या लेव्हंट खाणीतील 1840 चे इंजिन भंगारात जाऊ नये म्हणून 1935 साली स्थानिक मंडळींनी एक समिती स्थापली, आणि 1992 मध्ये ते पुन्हा वाफेवर चालू लागले. ते पाणी उपसणारे नसून खनिज वर ओढणारे, आकाराने लहान इंजिन आहे. पंपाचे अजस्र इंजिन पाहायचे तर कॅम्बोर्न आणि रेडरूथ यांच्यामध्ये ईस्ट पूल येथे 90 इंच व्यासाच्या सिलिंडरचे, सुमारे 50 टनांच्या तुळईचे इंजिन आहे. हेल येथील हार्वे कारखान्याने 1892 साली ते केले आणि 1954 पर्यंत ते पाणी उपसत होते. आता ते वाफेवर चालत नाही, पण सिलिंडरच्या शेजारी उभे राहिल्यावर हे कोणी ओतले असेल कसे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. कॉर्नवॉलची शेवटची मोठी कथील खाण, साउथ क्रॉफ्टी, 1998 मध्ये बंद झाली. 2006 साली कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हन यांतील खाणींचे दहा विभाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

त्याच हार्वे कारखान्याची सर्वांत मोठी कामगिरी पाहायला मात्र आपल्याला हॉलंडला जावे लागेल. हार्लेम सरोवर उपसून जमीन मोकळी करण्यासाठी डचांनी तीन इंजिने मागवली. त्यांपैकी क्रुक्युस नावाच्या, 1849 च्या इंजिनात एकात एक असे दोन सिलिंडर असून त्यांतला बाहेरचा 144 इंचांचा, म्हणजे बारा फूट व्यासाचा आहे. ते आजही मूळच्या इमारतीत उभे असून त्या सिलिंडराभोवती आठ तुळया चहूबाजूंना पसरलेल्या दिसतात. पत्रात आपण मोजपट्टी घेऊन जाण्याविषयी विचारले आहे. जरूर न्यावी, मात्र तीन मीटरची पुरणार नाही.